दोन लाख चाळीस हजार फायली

साधं गणित आहे. ऐंशी हजार माणसं, आणि प्रत्येकाची तीन खात्यांत एकेक फाईल. म्हणजे किमान २,४०,००० फायली असायला हव्यात. आता रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बघितलं तर सापडल्या काही शे. मग बाकीच्या गेल्या कुठे?

आपल्या धंद्यात असं झालं तर काय होतं ते सांगायला नको. सोर्सला अडीच लाख रेकॉर्ड्स आणि टार्गेटला तीन-चारशे… शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा. क्लायंट कॉलवर, मॅनेजर डोक्यावर, आणि रात्री दोन वाजता कोणीतरी पिझ्झा मागवतोय. इथे मात्र हा प्रश्न पडला होता इतिहासाच्या एका विद्यार्थिनीला. रेकॉर्ड रूम होती नैरोबीतली. आणि ज्यांच्या फायली गायब होत्या त्यांच्यापैकी जे जिवंत होते ते म्हातारे होऊन आपापल्या गावात बसले होते. त्यांना कोणी काही विचारायलाच आलं नव्हतं.

या विद्यार्थिनीचं नाव कॅरोलाइन एल्किन्स. १९९० च्या दशकात ती हार्वर्डमध्ये पीएचडी करत होती. विषय : केनियात १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी चालवलेल्या छावण्या. पुढचं सांगण्याआधी मी हे सगळं का वाचत बसलो ते सांगतो.

माझी धाकटी मावसबहीण आमच्यासारखीच इंजिनिअर. दोन वर्षं नोकरी केली, बऱ्यापैकी पगार, पुढच्या वर्षी ऑनसाईटची शक्यता. आणि एक दिवस तिने जाहीर केलं की तिला इंग्लंडात प्रवेश मिळालाय, एम.ए. ला, नंतर जमलं तर पीएचडी. विषय मानवी हक्क आणि मानवतावादी मदतकार्याचा इतिहास. घरात एकदम शांतता. शैक्षणिक कर्जासाठी बापाची सही लागणार होती, आणि बाप म्हणजे माझे काका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा मला फोन.

"अरे, मानवी हक्क म्हणजे वकिली का?"

"नाही काका, इतिहास."

"म्हणजे मास्तरकी."

"तसंच काहीसं… संशोधन."

"संशोधन कसलं? घडून गेलेल्याचं? तू बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती."

मी दोन्ही बाजूंना एकच सांगितलं, मला दोन वीकएंड द्या. या विषयात माणसं नक्की करतात काय, त्यातून निघतं काय, हे न बघता मत देण्यात अर्थ नव्हता. तिने वाचायला जी यादी पाठवली त्यात सगळ्यात वर केनियाचं प्रकरण होतं. ते हातात घेतलं आणि दोन वीकएंडचे चार झाले.

तर केनिया. ऑक्टोबर १९५२ मध्ये तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरने, एव्हलिन बेअरिंगने, आणीबाणी जाहीर केली. कारण होतं माउ माउ. गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेल्या जमिनींसाठी मुख्यतः किकुयू लोकांनी उभारलेलं सशस्त्र बंड. शपथा घेऊन जंगलात गेलेली माणसं. बंड क्रूर होतं यात शंका नाही. सरकारशी निष्ठावान मानलेले सुमारे १,८०० आफ्रिकन नागरिक त्यात मारले गेले. गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी मारले गेले ३२. जगातल्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले ते या ३२ जणांचे.

सरकारचं उत्तर मात्र सगळ्या किकुयू समाजाला मिळालं. डेव्हिड अँडरसन या इतिहासकाराने खटल्यांची कागदपत्रं चाळून मोजलंय : १,०९० जणांना फाशी. दहा लाखांहून जास्त माणसं सुमारे ८०० कुंपणबंद वस्त्यांमध्ये हलवली गेली. आणि सरकारी आकड्याप्रमाणे ऐंशी हजार लोक छावण्यांत. खटला नाही, शिक्षा नाही, नुसती स्थानबद्धता.

या छावण्यांच्या साखळीला प्रशासनाने दिलेलं नाव वाचून मी खरंच दचकलो. नाव होतं 'पाइपलाइन'. आपण रोज वापरतो तोच शब्द. माणसाची चाळणी व्हायची, त्याला पांढरा, करडा किंवा काळा असा शिक्का मिळायचा. काळा म्हणजे कट्टर. त्याने शपथ कबूल केली, काम केलं, 'सुधारला' की तो पुढच्या छावणीत. मग त्याच्या पुढच्या. शेवटी पांढरा होऊन घरी. इनपुट, प्रोसेसिंग, आउटपुट. आणि या सगळ्याचं अधिकृत नाव पुनर्वसन. वर्ग भरवणार, कारागिरी शिकवणार, नागरिक घडवणार. कागदावर ही मानवतावादी योजनाच होती.

एल्किन्सने सुरुवात केली ती याच कागदांपासून. तिचा मूळ प्रस्तावही पुनर्वसनाच्या या प्रयोगाचा अभ्यास असाच होता. पण लंडनच्या आणि नैरोबीच्या अभिलेखागारांत बसल्यावर गणित जुळेना. जिथे फायलींचे ढीग हवेत तिथे रिकामी जागा. जे होतं त्यात इकडेतिकडे एखादं पत्र, एखादी तक्रार, स्थानबद्धांनी स्वतः लिहून वरिष्ठांना पाठवलेले अर्ज. मग ती गावोगाव गेली. सुमारे ३०० जणांच्या मुलाखती घेतल्या. मारहाण, उपासमार, लैंगिक छळ, पुरुषांचं खच्चीकरण… इथे तपशील लिहीत नाही. वाचायचे असतील तर तिचं पुस्तक आहे, 'ब्रिटन्स गुलाग', २००५ सालचं. अमेरिकेत ते 'इम्पीरियल रेकनिंग' या नावाने निघालं आणि २००६ चा पुलित्झर त्याला मिळाला.

म्हणजे प्रस्तावापासून पुस्तकापर्यंत जवळजवळ दहा वर्षं. दहा वर्षांत आपल्याकडे किमान तीन कंपन्या बदलून होतात.

आणि पुलित्झर मिळाला म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते असं नाही. टीका जोरदार झाली. म्हाताऱ्यांच्या आठवणींवर एवढा भरवसा? बंडखोरांच्या क्रौर्याबद्दल इतकं कमी? सगळ्यात मोठा वाद आकड्यांचा. जनगणनेच्या आधारे तिने म्हटलं होतं की किकुयू लोकसंख्येत १,३०,००० ते ३,००,००० माणसांचा हिशेब लागत नाही. २००७ मध्ये जॉन ब्लॅकर या लोकसंख्याशास्त्रज्ञाने तोच डेटा घेऊन दाखवलं की नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू ५०,००० च्या आसपास असावेत, आणि त्यातली निम्मी दहा वर्षांखालची मुलं.

हा वाद वाचताना मला गंमत वाटली नाही, पण आदर मात्र वाटला. कोणीतरी आपला आकडा छापतो, दुसरा त्याचं गृहीतक उघडं करून दाखवतो, आणि दोघांच्याही आकड्यांतून सरकारी चित्र कुठेच टिकत नाही. कोड रिव्ह्यू म्हणतात तो हाच ना? फक्त इथे बग म्हणजे मेलेली लहान मुलं.

असो. आता खरी गोष्ट.

२००९ साली पाच वयस्कर केनियन माणसांनी लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारवर दावा ठोकला. छावण्यांत आमचा छळ झाला, जबाबदार तुम्ही. त्यांच्या बाजूने कागद उभे करायला तीन इतिहासकार : एल्किन्स, अँडरसन आणि ह्यू बेनेट. सरकारचा बचाव ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो. बचाव असा की १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा वसाहतीची सगळी देणी नव्या केनियन सरकारकडे गेली. म्हणजे ज्यांना मारलं त्यांच्याच देशाने भरपाई द्यावी!

अँडरसनला एक जुना धागा माहीत होता. स्वातंत्र्याच्या तोंडावर केनियातून सुमारे १,५०० फायली विमानाने लंडनला नेल्या गेल्या होत्या, आणि १९६० च्या दशकात केनियाने त्या परत मागितल्यावर ब्रिटनने नकार दिला होता. म्हणजे त्या कुठेतरी असणारच. त्याने न्यायालयापुढच्या निवेदनात तेच मांडलं. फायली आहेत, त्या आणा. आणि जानेवारी २०११ मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की हो, आहेत. बकिंगहॅमशायरमधल्या हॅन्स्लोप पार्क नावाच्या सरकारी आवारात. केनियाच्या ३०० पेट्या. आणि नुसत्या केनियाच्या नाही, तर ३७ वसाहतींच्या मिळून सुमारे ८,८०० फायली, असा आकडा तेव्हा जाहीर झाला. पन्नास वर्षं त्या सरकारच्याच ताब्यात होत्या आणि कुठल्याच सूचीत नव्हत्या.

त्यात काय निघालं? उदाहरणार्थ, १९५७ साली केनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने गव्हर्नरला लिहिलेलं पत्र. कैद्यांना कशा प्रकारे 'वठणीवर' आणायचं याचे नियम आखताना तो म्हणतो की पाप करायचंच असेल तर ते गुपचूप करायला हवं. म्हणजे वरपर्यंत माहीत होतं. एखाद्या माथेफिरू शिपायाचं काम नव्हतं ते. मसुदे तपासले जात होते, सह्या होत होत्या.

आणखी एक कागदांचा गठ्ठा आहे, तो मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारा वाटला. कागद नष्ट कसे करायचे, याबद्दलचे कागद. १९६१ मध्ये वसाहतमंत्र्याने सूचना दिली की ब्रिटिश सरकारची अडचण होईल असं काहीही नव्या देशांच्या हाती लागता कामा नये. त्याला धरून केनियात फायलींची वाटणी झाली : काही नव्या सरकारला द्यायच्या, काही लपवायच्या. लपवायच्या फायलींना फक्त युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच हात लावायचा. जाळल्या तर राख पूर्ण कुस्करायची. समुद्रात बुडवायच्या असतील तर पेट्यांना वजन बांधून, किनाऱ्यापासून लांब, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात. एवढी काळजी का, तर त्याआधीचा दिल्लीचा अनुभव : १९४७ मध्ये साहेब लोक कागद जाळत होते तेव्हा शहरावर धूर पसरला आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. पुन्हा तशी शोभा नको.

आणि यावर कडी म्हणजे, नष्ट केलेल्या कागदांचं प्रमाणपत्र भरून लंडनला पाठवायचं. म्हणजे रेकॉर्ड डिलीट केलं, पण डिलीट केल्याचा लॉग ठेवला. नोकरशाहीची सवय माणसाला अशी पकडते.

हे मी काकांना फोनवर सांगत होतो. ते आत्तापर्यंत नुसतं "हं… हं…" करत होते. प्रमाणपत्राचं ऐकल्यावर थांबले.

"नष्टीकरणाची नोंद ठेवावीच लागते," ते म्हणाले. "आमच्याकडे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ कायम ठेवायचं. ड एका वर्षात काढून टाकायचं. पण काय काढलं त्याची यादी करून वरिष्ठांची सही घ्यायची. यादी नसली आणि कागदही नसला, तर मग ते 'गहाळ' होतं."

"आणि कोणाची फाईल गहाळ होते काका?"

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ज्याच्याकडे दुसरी प्रत नसते त्याची."

तीस वर्षं रेकॉर्ड रूमच्या आजूबाजूला काढलेला माणूस. त्यांना एल्किन्सचं काम काय आहे हे समजावण्यासाठी मी जी तुलना शोधत होतो ती त्यांनीच दिली. फेरफाराचा कागद सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षं कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. कागद नाही म्हणजे जमीन नाही. नैरोबीतही तेच : फाईल नाही म्हणजे छळ झालाच नाही.

आता तिच्या अभ्यासक्रमाच्या नावातल्या दोन शब्दांबद्दल. मानवी हक्क आणि मानवतावाद. मला दोन्ही एकच वाटावेत इतके ते एकत्र बोलले जातात. पण ही मंडळी त्यांना काळजीपूर्वक वेगळं ठेवतात. मानवतावाद म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून मदतीला धावणं. हेन्री दुनाँने १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमी सैनिक पाहिले, त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. यात देणारा ठरवतो कधी आणि किती द्यायचं. हक्क म्हणजे मागणाऱ्याने ठणकावून सांगायचं की हे माझं आहे.

आणि हक्क नक्की कधी जन्मले यावरच यांच्यात जुंपलेली. लिन हंट या विदुषीचं म्हणणं, २००७ च्या पुस्तकात, की मूळ अठराव्या शतकात आहे. लोक पत्ररूप कादंबऱ्या वाचून परक्या माणसाच्या मनात शिरायला शिकले आणि त्यातून समानतेची जाणीव रुजली. सॅम्युअल मोइन २०१० मध्ये म्हणतो, छे! आज आपण ज्याला मानवी हक्कांची चळवळ म्हणतो ती खऱ्या अर्थाने उभी राहिली १९७० च्या दशकात, इतर मोठी स्वप्नं कोसळल्यावर. १९४८ चा जाहीरनामा तेव्हा फार कोणी मनावर घेतलाच नव्हता. या मोइनकडे इतिहासाची पीएचडी आणि कायद्याची पदवी दोन्ही आहेत. (काकांचा वकिलीचा अंदाज अगदीच बाजूला नव्हता तर!)

मला या वादात कोण बरोबर ते ठरवता येणार नाही. पण केनियाची तारीखवार यादी मांडली की मोइनचं म्हणणं झोंबतं. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रसंघात जाहीरनामा मंजूर झाला, ब्रिटनने बाजूने मत दिलं. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातलं 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारं इंग्रजी बदलून 'सर्व मानव' करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. १९५१ मध्ये ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क करार सगळ्यात आधी स्वीकारला. १९५३ मध्ये तो केनियासकट आपल्या वसाहतींना लागूही केला. म्हणजे ज्या वर्षी पाइपलाइन भरत होती त्या वर्षी त्या माणसांना कागदोपत्री छळापासून संरक्षण होतं! फक्त एक गोष्ट नव्हती. एकट्यादुकट्या माणसाने त्या कराराखाली थेट तक्रार करायची सोय ब्रिटनने मान्य केली ती १९६६ मध्ये. फीचर रिलीज केलं, युजरला लॉगिनच दिलं नाही. रेडक्रॉसचे प्रतिनिधी छावण्या बघायला आत गेले ते १९५७ मध्ये, आणीबाणीच्या पाचव्या वर्षी.

मधल्या काळात कोणी बोललंच नाही असं नाही. आर्थर यंग नावाचा लंडनचा पोलीस अधिकारी १९५४ मध्ये केनियाचा पोलीसप्रमुख म्हणून आला आणि वर्षही पूर्ण न करता राजीनामा देऊन गेला. आणि आपल्याकडचा एक माणूस होता, तो मला या वाचनात अचानक भेटला. पिओ गामा पिंटो. मूळचा गोंयकार, जन्म १९२७ चा नैरोबीतला, शिक्षण भारतात, गोवा मुक्तीच्या चळवळीत भाग घेतलेला. केनियात परत जाऊन तो तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला, १९५४ मध्ये पकडला गेला, मांडा बेटावरच्या छावणीत राहिला, नंतर स्थानबद्ध होता तो १९५९ पर्यंत. स्वतंत्र केनियात, फेब्रुवारी १९६५ मध्ये, नैरोबीत त्याचा खून झाला. जोमो केन्याटांवरच्या कापेनगुरियाच्या खटल्यात बचावाच्या वकिलांत फिट्झ डिसोझा हे दुसरे एक गोंयकार होते, जन्म मुंबईचा. शाळेत आपण गोवा मुक्ती शिकतो ती मांडवीपर्यंत येऊन थांबते. तिचा एक फाटा नैरोबीला जातो हे मला सांगायला कोणीतरी जुने कागद वाचणारं लागलं.

शेवटी खटल्याचं काय झालं? २०११ आणि २०१२ मध्ये न्यायमूर्ती मॅककोंब यांनी सरकारचे दोन्ही आक्षेप बाजूला सारले. जबाबदारी केनियाची हा पहिला, आणि फार उशीर झाला हा दुसरा. इतक्या वर्षांनीही निष्पक्ष सुनावणी होऊ शकते असं ते म्हणू शकले, कारण पुरेसे कागद होते. ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत छळ झाल्याचं मान्य केलं, खेद व्यक्त केला, आणि ५,२२८ लोकांसाठी, खटल्याचा खर्च धरून, १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारलीच. वाद्यांमधले वाम्बुगु न्यिंगी होला छावणीतून वाचलेले. तिथे मार्च १९५९ मध्ये ११ स्थानबद्धांना मारहाण करून ठार केलं होतं, आणि पहिल्या सरकारी पत्रकात ते पाणी प्यायल्यावर मेले असं म्हटलं होतं. ५४ वर्षांनी संसदेत खरं बोललं गेलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण त्यानंतर ४०,००० हून जास्त केनियन लोकांनी मिळून दुसरा दावा केला. तो २०१८ मध्ये फेटाळला गेला. कारण : फार उशीर झाला. तोच देश, तेच न्यायालय.

बहिणीशी बोललो तेव्हा हे दोन्ही सांगितलं. म्हटलं, बघ, दहा वर्षं एका विषयाला, नोकरीची खात्री नाही, तुझ्या कामाने कोणाला न्याय मिळेल याची तर मुळीच नाही. आणि तुझ्या आकड्यांवर जगातली हुशार माणसं तुटून पडतील.

ती म्हणाली, "दादा, हे मला माहितीये रे. तू आत्ता रात्री दोन-दोनपर्यंत ज्या प्रोजेक्टवर बसतोस, ते दहा वर्षांनी चालू असेल का?"

मी म्हटलं, "नसेल. पण ईएमआय चालू असेल."

"ईएमआयचं मी बाबांशी बोलले," ती म्हणाली. "एम.ए. नंतर पीएचडीला शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढे. नाहीतर परत येऊन नोकरी करून कर्ज फेडणार. लिहून दिलंय त्यांना."

काकांनी कर्जाच्या अर्जावर सही केली, तिच्या लिहून दिलेल्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवल्यावर. (मूळ प्रत फाईलला, झेरॉक्स कपाटात. सवय!) मला मात्र ते अजून विचारतात की यातून पोट भरेल का. मी सांगतो की थोड्यांचं भरतं, बऱ्याच जणांचं अवघड जातं, आणि ती कुठल्या गटात जाईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. हे उत्तर त्यांना आवडत नाही. पण दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि वाढवून सांगायचं नाही हे त्यांनी आणि मी न बोलता ठरवलंय.

एक गोष्ट मात्र मला माझ्यापुरती कळली. या लोकांचं काम कुठे आपल्यासारखं आहे आणि कुठे नाही ते. जुळणी करणं, हरवलेल्या रेकॉर्डचा माग काढणं, एकच गोष्ट दोन सोर्समधून तपासणं, हे सगळं आपणही करतो. पण आपल्याकडे बॅकअप असतो आणि नसला तर क्लायंट ओरडतो. त्यांच्या बाबतीत ज्याने डेटा उडवला तोच सर्व्हरचा मालक, आणि ज्याचा डेटा गेला त्याच्याकडे ओरडायला फोन नंबरसुद्धा नाही. मग बॅकअप कुठे शोधायचा? ८० वर्षांच्या आजीच्या आठवणीत. आणि तो वाचताना तिने काय जास्त सांगितलं, काय विसरली, काय सांगू शकली नाही, याचाही हिशेब ठेवायचा. त्याला कुठलं टूल नाही. दहा वर्षं लागतात ती बहुधा इथेच.

हॅन्स्लोपच्या फायली २०१२ आणि २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या, आता कोणीही जाऊन बघू शकतो. बहिणीला त्यातल्या नष्टीकरणाच्या नोंदींवर काम करायचंय. कुठल्या वसाहतीने किती जाळलं, किती पाठवलं, आणि प्रमाणपत्रात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष आलेलं यांत फरक किती. सूचीची जुळणी करायला एक छोटी स्क्रिप्ट लिहून दे म्हणालीये. वसाहतींच्या नावांची स्पेलिंग सारखी बदलतात, तारखा अर्धवट आहेत, आणि एकाच फाईलला दोन-दोन क्रमांक. या शनिवारी तेच करत बसलोय. पुढच्या शनिवारचं काही सांगता येत नाही, रिलीज आहे :)